चौऱ्याहत्तर की एकवीस

आमचं गाव तासगाव तालुक्यात, म्हणजे द्राक्षं आणि बेदाणा. मार्चात शेडमधल्या जाळ्यांवरून बेदाणा उतरला की घरातली सगळी माणसं निवडायला बसायची. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा. हिरव्याला भाव चांगला. मी आठवीत असताना माझ्या पाटीत सगळं एकत्रच निघालं, म्हणून चुलत्यांनी टपली मारली होती. आई तेवढी म्हणाली, "त्याच्या आज्ज्यालाबी असंच व्हायचं." आज्जा म्हणजे तिचे वडील. मिरचीच्या झाडावरची पिकलेली मिरची त्यांना लांबून दिसायची नाही, पार वाकून बघावं लागायचं.

एवढ्यावर विषय मिटला. मला रंगदोष आहे हे नीट कळलं ते आयटीआयला, रेझिस्टर या छोट्या विद्युत भागावरचे रंगीत पट्टे वाचून त्याचा आकडा सांगताना. तपकिरी, लाल, हिरवा. शेजारचा पोरगा धडाधड सांगायचा आणि मी गपचूप मल्टिमीटर लावून आकडा बघायचो. सरांना वाटायचं पोरगं खात्री करून घेतंय. मीही तसंच वाटू दिलं.

ट्रेड इलेक्ट्रिशियन. आता तुम्हीच बघा, वायरच्या रंगावर ज्याची भाकरी त्याला लाल-हिरव्याचा घोळ. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म मी भरलाच नाही, कारण तिथल्या ए-वन वैद्यकीय वर्गात रंग ओळखणं सक्तीचं. मिरज जंक्शनच्या इतक्या जवळ राहून तो फॉर्म न भरणारा आमच्या बॅचमध्ये मी एकटाच असेन. घरी कारण सांगितलं, 'जागा कमी आहेत.'

२०२० मध्ये कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागलो. तिथे नावाला मेडिकल होतं. रंगदोष तपासायला एक पुस्तक असतं, पानापानावर रंगीत ठिपक्यांत आकडा लपवलेला. मेडिकलच्या आदल्या रात्री मोबाइलवर त्या पुस्तकाची चित्रं काढून मी पाढ्यासारखे आकडे पाठ केले. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये हे पुस्तक काढलं, त्याची ३८ पानांची आवृत्ती असते. तिथल्या माणसाने पहिली पाच-सहा पानं उलटली आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर आनंद झाला नाही, पोटात गोळा मात्र आला.

साडेतीन वर्षं निभावलं. फेरूल असतात ना, वायरच्या टोकाला घातलेले आकड्यांचे मणी, त्यांच्या जिवावर. बाहेरून आलेल्या मशीनची अर्थिंग हिरवी-पिवळी पट्ट्याची असते, ती पट्ट्यावरून कळते. सिग्नलला लाल वर, हिरवा खाली हे ठरलेलं असतं, शिवाय आताचा एलईडीचा हिरवा मला पांढरटच दिसतो. जागा पाठ असली की रंग लागत नाही.

पण जागा बदलली की काय होतं ते सप्टेंबर २०२३ मध्ये कळलं. गणपतीच्या आठवड्यात नवीन पॅनेल आलं. ब्रेकर पॅनेलवर लाल दिवा म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. मशीनच्या पॅनेलवर बहुतेक ठिकाणी नेमकं उलट, हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बिघाड. हा गोंधळ आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तो रंग आणि पाटी दोन्ही बघून निस्तरतात. मी दिव्याच्या जागेवरून निस्तरायचो. जुन्या पॅनेलवर डावीकडचा दिवा चालूचा होता. नव्यावर पाटी अजून लावलेली नव्हती आणि दिवे उलट बसवले होते. दुपारचं ऊन समोरून, काचेवर धूळ. उजवा दिवा लागलेला दिसला, म्हटलं बंद आहे, आणि कव्हरचे स्क्रू काढले. आत हात घालायच्या आधी सवयीने टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. मागून आमचे सीनियर ओरडले, "आरं, लाल लागलाय की! डोळं कुठं हैत तुझं?"

त्यांना काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी येताना सायकल हातात धरून चालत आलो, पाय थरथरत होते. माझ्याऐवजी माझ्या शब्दावर दुसऱ्या कुणी हात घातला असता तर? हा विचार त्यानंतर सुटलाच नाही.

आता मूळ गोष्ट. ६ फेब्रुवारी २०२४ ला एका मोठ्या कंपनीत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियनसाठी मुलाखत झाली. ९ तारखेला मेल आला. पगार जुन्यापेक्षा साडेपाच हजारांनी जास्त, पीएफ, कँटीन. खाली एक ओळ: नेमणूक वैद्यकीय तपासणीवर अवलंबून. जोडलेल्या फॉर्मवर दुसऱ्या पानाला प्रश्न होता, 'डोळ्यांचा कोणताही विकार, रंग ओळखण्यातील अडचण आहे का? हो / नाही.' आणि सहीच्या वर बारीक अक्षरांत, माहिती खोटी आढळल्यास सेवा संपुष्टात येईल.

चार दिवस तो फॉर्म उशीखाली ठेवून झोपलो म्हटलं तरी चालेल. रूममेट म्हणाला, "येडा हैस का? पाठ कर परत." त्याने ऑनलाइन मिळणारा रंगीत चष्माही सुचवला. आईला फोन केला तर ती म्हणाली, "आज्ज्यानं कधी लपवलं नव्हतं, पर त्याला कोण नोकरी देणार होतं?" आमच्या घरात सल्ला हा असा मिळतो.

१३ तारखेच्या रात्री 'हो'वर टिक केली. पुढच्या रिकाम्या ओळीत लिहिलं, 'लाल-हिरवा रंगदोष, जन्मापासून. तपासणी झालेली नाही.' फॉर्मचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले. हे तुम्हीही करा. पुढे हा फोटो कामाला आला.

१४ फेब्रुवारीला मेडिकल. कंपनीने ठरवून दिलेलं एक सेंटर होतं, नाव सांगत नाही. सकाळी सातला उपाशीपोटी. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, कानाची तपासणी, हे सगळं तासाभरात उरकलं. डोळ्याच्या खोलीत ट्यूबलाइट एकच, तीही लुकलुकणारी. मी आत जाताच तिथल्या ताईंना म्हटलं, "मॅडम, मला रंगांचा त्रास आहे, फॉर्मवर लिहिलंय." त्यांनी फॉर्म बघितला नाही. पुस्तक उघडलं.

बारा दिसला. बारा सगळ्यांना दिसतो, ते पान मुद्दाम तसंच केलेलं असतं. पुढे आठच्या जागी तीन. एकोणतीसच्या जागी सत्तर. मग ते पान आलं. मला तिथे चौऱ्याहत्तर असतं हे तोंडपाठ होतं. आणि डोळ्यांना स्वच्छ, अगदी रेखीव एकवीस दिसत होता. दोन आणि एक, ठिपक्याला ठिपका लागून. खोटं बोलायला फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हटलं, "एकवीस." ताईंनी मान वर केली, शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "कलर ब्लाइंड," आणि शेवटच्या रकान्यात पेनाने 'अनफिट' लिहिलं. डॉक्टर अजून आलेही नव्हते.

तिथे मी पहिल्यांदा आवाज चढवला. चढवला म्हणजे काय, थोडा मोठ्याने बोललो. "अनफिट कशासाठी? आणि डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कसं?" त्या म्हणाल्या, "आमचं काम लिहायचं." अर्ध्या तासाने डॉक्टर आले. वय असेल पन्नाशीचं. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला, म्हटलं, मी आधीच लिहून दिलंय, लपवलेलं नाही. त्यांनी फॉर्म शोधला, वाचला आणि शांतपणे 'अनफिट' खोडून 'नेत्रतज्ज्ञांचं मत आवश्यक' असं लिहून सही केली. मला म्हणाले, "तुम्ही प्रकार आणि तीव्रता लिहिलेला रिपोर्ट आणा. नुसतं कलर ब्लाइंड म्हणून कुणालाच काही कळत नाही. दहा दिवसांत आणा."

तपासणीचा खर्च कंपनीचा, पण हा पुढचा रिपोर्ट आपल्या खिशातून. एचआरच्या मॅडमना फोन केला तर त्यांचा आवाज एकदम औपचारिक झाला. "रिपोर्ट आल्यावर बघू." मला वाटलं झालं, गेली नोकरी.

शनिवारी, १७ तारखेला, अर्धा दिवस पगार कापून घेऊन मिरजेला गेलो. डॉक्टरांसाठी मिरजेला जायचं हे आमच्याकडे आज्ज्या-पणज्यापासून चालत आलंय. फोनवर आधीच विचारलं होतं, "रंगदृष्टीची सविस्तर तपासणी होते का, फक्त पुस्तक नको." दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी हो. तपासणी फी ५००, रंगदृष्टीची तपासणी ८००, लेटरहेडवर दाखल्याचे २००. एकूण १,५०० रुपये आणि बसभाडं.

तिथे खिडकीजवळ बसवलं. दिवसाचा उजेड, पुस्तक हातभर अंतरावर, पाऊण मीटर म्हणे, आणि पानामागे तीन सेकंद. पानं क्रमाने नव्हती. मध्येच अशी पानं आली की ज्यांत बाकीच्यांना काही दिसत नाही आणि मला आकडा दिसतो. एका पानावर मी मोठ्या खुशीत "पंचेचाळीस" म्हणालो, तर डॉक्टर हसले. चांगल्या नजरेच्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. पाठ करून जाणारे तिथे सापडतात, असं ते म्हणाले. २०२० ला त्या माणसाने आणखी थोडी पानं उलटली असती तर मीही सापडलो असतो.

मग एक लांबट डबी काढली. आत बाटलीच्या झाकणांसारख्या पंधरा सोंगट्या आणि एक पक्की बसवलेली. निळ्यापासून सुरू करून रंगाला रंग लावत रांग करायची. हे काम मला आवडलं, कारण घाई नव्हती. दोन सोंगट्या हातात धरून पाच मिनिटं बसलो. एक राखाडी, दुसरीही राखाडी. डॉक्टरांनी नंतर सोंगट्या उलट्या करून खालचे आकडे वाचले. दोन ठिकाणी शेजारच्या सोंगट्यांची अदलाबदल झाली होती, बाकी रांग बरोबर.

"मध्यम आहे," ते म्हणाले. "डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. तुमची हिरव्याची आहे, पण तिची जागा लालच्या फार जवळ सरकलीय. नजर ६/६ आहे, वाढणार नाही, कमी होणार नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही." चष्म्याचं विचारलं. म्हणाले, रंगीत काचेने काही छटांतला फरक उठून दिसतो, पण दुसऱ्या छटा हरवतात, पेशी काही बदलत नाहीत. रूममेटने सुचवलेल्या चष्म्याचे पैसे वाचले.

आईच्या बोलण्याचाही उलगडा तिथेच झाला. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आज्ज्याचं एक्स प्रत्येक मुलीकडे गेलंच, म्हणून आई वाहक. मुलाला वडिलांचं एक्स मिळतच नाही, म्हणून मामा सुटले. आईकडून माझ्याकडे यायची शक्यता निम्मी होती. धाकट्या भावाला नाही, मला आहे. संध्याकाळी फोनवर हे सांगितलं तर आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं." हे मी सांगायला नको होतं, किंवा वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. अजून रुखरुख आहे.

दाखल्यावर काय असावं हे मी डॉक्टरांना आग्रहाने सांगितलं: दोषाचा प्रकार, तीव्रता, कोणत्या तपासण्यांवरून, चष्म्याशिवाय नजर किती, आणि दोष स्थिर आहे हे वाक्य. त्यांनी आपणहून एक ओळ वाढवली, 'केवळ रंगावर अवलंबून निर्णय एकट्याने घेऊ नये; आकडे, लेबल व उपकरणाच्या साहाय्याने काम करता येईल.' पुढे सगळं त्या ओळीवर तरलं.

१९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी. २० ला दाखला दिला. मूळ प्रत दिली नाही, झेरॉक्स दिली आणि पोच घेतली. मग सुरू झालं वाट पाहणं. कंपनीचे डॉक्टर, सेफ्टी ऑफिसर आणि मेंटेनन्सचे मॅनेजर असे तिघं बसून ठरवणार होते. तिघांना एक वेळ मिळेना. जुन्या शॉपमध्ये राजीनामा द्यावा की न द्यावा? दिला नाही, आणि ते बरं केलं. हातात पत्र येईपर्यंत देऊच नये.

त्या दिवसांत मोबाइलवर खूप वाचलं. ज्या डाल्टनचं नाव आपण अणूसाठी पाठ केलं, त्याला स्वतःलाच हे होतं. १७९४ मध्ये त्याने त्यावर निबंध वाचला. त्याची समजूत अशी की डोळ्यातलं पाणीच निळं असणार, आणि मेल्यावर डोळा उघडून बघा असं सांगून ठेवलं. १८४४ मध्ये उघडला, पाणी स्वच्छ. पण डोळा जपून ठेवला होता आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की हिरव्याची पेशीच नव्हती. म्हणजे माझ्यापेक्षा एक पायरी पुढे.

कामाचं वाचलं ते असं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या सरकारी वीज कंपनीला रंगदोष असलेल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला सामावून घ्यायला सांगितलं होतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत रंगदोष नाही, तरीही. जून २०२० मध्ये केंद्राने वाहन परवान्याचे वैद्यकीय फॉर्मही बदलले, सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांना परवाना मिळू शकतो. धीर आला. पण निकालाची प्रिंट काढून बैठकीत नेली नाही. ती सरकारी कंपनी, ही खासगी, आणि अजून माझा पायही आत पडलेला नव्हता. कुणाला हे भित्रेपणाचं वाटेल. वाटू दे.

४ मार्चला बोलावलं. वीस मिनिटं. मॅनेजरचा पहिला प्रश्न, "मग इतकी वर्षं काम कसं केलं?" इथे मी टेस्टरची ती गोष्ट सांगितली, सगळी. लपवून नोकरी मिळवली होती हेही सांगितलं. खोलीत शांतता. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, "पॅनेलला पाटी नव्हती?" "नव्हती सर." ते मॅनेजरकडे वळून म्हणाले, "आपल्या तीन नंबरच्या शेडमध्ये पण नाहीये." मग त्या दोघांचंच पाच मिनिटं पाटीवरून चाललं आणि मी चहा संपवला.

१२ मार्चला पत्र आलं. फिट, पण अटींवर. नवीन वायरिंगची जोडणी केली की दुसऱ्याने तपासून सही करायची. एकट्याने रात्रपाळी नाही. दरवर्षी फेरतपासणी. आणि जागा पॅनेलची नाही, युटिलिटीची: कंप्रेसर, पंप, डीजी सेट (डिझेलवरचा जनरेटर), म्हणजे बहुतेक काम काट्यांवर आणि आकड्यांवर. पगार ठरला तोच, पण रात्रपाळीचा भत्ता गेला. महिन्याला साधारण १,८०० रुपयांचा फटका. पॅनेलचं काम मला आवडायचं, तेही सुटलं. बरं वाटलं की वाईट, हे नक्की सांगता येत नाही. सही केली आणि १८ मार्चला रुजू झालो.

पहिल्या आठवड्यात थोडी चेष्टा झाली. कुणी शर्ट धरून "हा कुठला रंग?" विचारायचं. मी "तुझा मळका" म्हणायचो. महिन्याभरात सगळे कंटाळले. चार्जरवरचा तो एकच दिवा, जो लालचा हिरवा होतो, तो मला अजिबात कळत नाही. तिथे मी शेजारच्याला विचारतो आणि तो न बघताच "झालंय" म्हणतो. त्याच्यावर माझा विश्वास नाही, मीटर लावतो.

फेब्रुवारी २०२५ ला वार्षिक मेडिकल होतं, तेच सेंटर. ट्यूबलाइट बदललेली होती. रांगेत माझ्या मागे एक नवीन ट्रेनी, एकोणीस-वीसचा, मोबाइल पालथा धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. कान दिला. बारा, आठ, सहा, एकोणतीस. सत्तावन्नला अडकला. मग माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "दादा, चौऱ्याहत्तर कितव्या पानावर असतं?"

म्हटलं, "मला तिथं एकवीस दिसतो. तुला?"

तो काही बोलला नाही. आमच्या पुढे अजून अकरा जण होते. उपाशीपोटीची रक्ततपासणी दोघांचीही झालेली होती, म्हणून नंबर धरायला पुढच्याला सांगितलं आणि त्याला घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेलो.